टीडीएस ६० आहे, मग मुलगा आजारी का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नारायण पेठेतला वाडा सोडून दोन वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्याच्या पुढे, नव्यानं महापालिकेत आलेल्या एका गावात १४ मजली इमारतीत फ्लॅट घेतला. तेव्हापासून मुलाला दोनदा जुलाब-उलट्या, एकदा टायफॉइड, बायकोला डेंगी, आईचा दमा वाढलेला. कमिटी म्हणते, पाण्यात काही खोट नाही, टीडीएस ६० येतो, शिवाय घरोघरी आरओ आहे. दोष इमारतीचा की आमच्या नशिबाचा? काय तपासायचं? की घर विकून परत पेठेत जायचं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एवढ्यासाठी घर विकू नका. दोष बहुधा तुमच्या फ्लॅटचा नाही, आणि नशिबाचा तर नाहीच. वाड्यात असताना तुम्ही दोन गोष्टी न विचारता गृहीत धरत होतात. पर्वतीच्या केंद्रात गाळून, निर्जंतुक होऊन येणारं पाणी, आणि न्हाणीतून निघून रस्त्याखालच्या गटारात जाणारं सांडपाणी. वाडा पडका असेल, संडास सामाईक असेल, पण या दोन नळ्या जमिनीखाली फार आधीपासून होत्या. नव्या गावात इमारत पुढे आली आणि या नळ्या मागे राहिल्या. त्या येईपर्यंत टँकर, बोअर, विहीर, सेप्टिक टँक आणि ओढा यांच्यावर भागवायचं असतं. जवळजवळ ३० वर्षं मी रोगांच्या साथी शोधत फिरलो, आधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रातून आणि नंतर शहरात. त्यातल्या बहुतेक साथी मला याच मधल्या काळातल्या वस्त्यांत सापडल्या.

तुमच्या पट्ट्यानं तर हे अलीकडेच भोगलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता इथून जीबीएसचे, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले. एरवी एखाद्या डॉक्टरला हा आजार वर्षात एकदा-दोनदा दिसला तर दिसतो. पुढच्या काही आठवड्यांत पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टरचं बाहेरचं कवच आपल्या मज्जातंतूंवरच्या काही रेणूंसारखं दिसतं. जुलाब दोन-चार दिवसांत थांबतात, पण शरीरानं त्या जिवाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं एक ते तीन आठवड्यांनी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. पायातली शक्ती जाते, मग हातातली, आणि काहींना श्वासासाठी यंत्र लागतं. अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही हा जिवाणू येतो, त्यामुळे तीही चौकशी झाली. पण बोट राहून राहून पाण्याकडे जात होतं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही २०२१ साली पालिकेत आलेल्या २३ गावांपैकी, तर धायरी २०१७ च्या ११ गावांपैकी. यांतल्या बऱ्याच भागाला खडकवासला धरणाचं पाणी एका मोठ्या विहिरीतून मिळत होतं. ते शुद्धीकरण केंद्रातून न जाता फक्त क्लोरीन टाकून पुढे जात होतं. क्लोरीन पडला तर पाणी निर्धोक, नाही पडला किंवा पुढे कुठे संपला तर धरणातलं जसंच्या तसं.

आता तुमच्या कमिटीच्या टीडीएसकडे येतो, कारण माझ्या मते उपनगरांत सगळ्यांत जास्त फसवणूक या तीन अक्षरांनी केली आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. विक्रेता पेनासारखं जे यंत्र पाण्यात बुडवतो ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच पाहतं. जंतू त्याला दिसत नाहीत. बादलीभर धरणाच्या पाण्यात चमचाभर मैलापाणी मिसळा, पेनवरचा आकडा हलल्याचं तुमच्या लक्षातही येणार नाही. खडकवासल्याचं पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, त्यात क्षार मुळातच कमी. त्यामुळे ६० हा आकडा एवढंच सांगतो की तुमच्याकडे येणारं पाणी बहुतेक धरणाचं आहे, बोअरचं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलेला आहे. त्याच मानकात लिहिलंय की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जिवाणू, एकही सापडता कामा नये, आणि नळाला उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. कमिटीला विचारायचे आकडे हे दोन आहेत.

आणि आरओ? ६० टीडीएसच्या पाण्याला आरओ लागतच नाही. चांगला राखलेला आरओ जंतू अडवतो हे खरं, पण तो क्लोरीनही काढून टाकतो. मग त्याच्या छोट्या टाकीत साठलेल्या पाण्याचं रक्षण करायला काही उरत नाही. शिवाय आरओ स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात असतो. मुलगा दात घासतो बेसिनच्या नळावर. कोथिंबीर, काकडी, द्राक्षं धुतली जातात सिंकच्या नळाखाली. शॉवरखाली उभा राहून तोंडात पाणी धरून चूळ टाकणारी मुलं मी कमी पाहिली नाहीत. दुकानांत, वर्गांत, कार्यालयांत येणाऱ्या थंड पाण्याच्या जारबद्दल तर बोलायलाच नको. जीबीएसच्या वेळी त्या भागातले अनेक खासगी आरओ प्रकल्प तपासणीत नापास होऊन बंद करावे लागले होते.

पाणी नेमकं कुठे बिघडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे कुठे पाहायचं ते कळेल. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, दिवसातून तास-दोन तास येतं. पाणी असताना पाइप आतून फुगलेला असतो आणि गळकी जागा असेल तर पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब उतरतो, आणि त्याच गळक्या जागेतून बाहेरची ओल आत ओढली जाते. बाहेर स्वच्छ माती असेल तर ठीक. पण नव्या गावात पाण्याची लाइन आणि सांडपाण्याची लाइन घाईघाईनं एकाच चरात टाकलेल्या असतात, नाहीतर पाण्याची लाइन उघड्या गटारातून गेलेली असते. त्यात लोक लाइनला थेट मोटर लावतात. मोटर फक्त पाणी ओढत नाही, वाटेत जे भेटेल ते ओढते. म्हणून पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटं ते टाकीत सोडायचं नसतं. झाडांना द्या, जिना धुवा, पण टाकीत नको. हा नियम माहीत असलेला वॉचमन ज्या सोसायटीत आहे ती सोसायटी नशीबवान समजा.

दुसरी जागा म्हणजे जमिनीखालची टाकी. ती आणि ड्रेनेजचा चेंबर यांच्यात किती अंतर आहे ते स्वतः उभं राहून पावलांनी मोजा. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात किमान १५ मीटर ठेवावेत असं आम्हाला शिकवलं जायचं. पार्किंगमध्ये एवढी जागा कुणाकडेच नसते हे मला कळतं, पण मी एकच सामाईक भिंत असलेल्या टाक्याही पाहिल्या आहेत. टाकीचं झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगचं पाणी आत जातं. झाकणाला किमान वीतभर कठडा हवा.

तिसरी जागा गच्चीवरची टाकी, आणि हिच्यात नव्या इमारतींची एक खास गोम आहे. टाकी ८० फ्लॅटच्या एका दिवसाच्या पाण्याच्या हिशेबानं बांधलेली असते. राहायला आलेली असतात २० कुटुंबं. म्हणजे एका दिवसाचं पाणी चार दिवस पडून राहतं, तेही उन्हात. क्लोरीन उडून जातो. टाकीला बहुतेक ठिकाणी दोन कप्पे असतात. इमारत भरेपर्यंत एक कप्पा कोरडा ठेवला की निम्मा प्रश्न सुटतो. हा फुकटचा उपाय आहे आणि बहुधा म्हणूनच कुणाच्या अंदाजपत्रकात येत नाही.

चौथी जागा फ्लशची लाइन. तुमच्याकडे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, असेलच. मोठ्या प्रकल्पांना तो सक्तीचा असतो, आणि प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला वापरायचं असतं. त्यासाठी इमारतीत पाण्याच्या दोन वेगळ्या लाइन असतात. त्या दोन लाइन कुठेही एकमेकींना भेटता कामा नयेत.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. पावसाळा संपता संपता एका सोसायटीतून काविळीचे रुग्ण आले. सोसायटीनं टाक्या धुतल्या, नमुना पाठवला, निष्कर्ष 'पिण्यायोग्य'. रुग्ण येतच राहिले. मी एक मोठा कागद घेतला, त्यावर इमारतीचं चित्र काढलं आणि प्रत्येक आजारी माणसापुढे फ्लॅटचा नंबर आणि पहिलं लक्षण दिसल्याची तारीख लिहिली. सगळे एकाच विंगचे निघाले. मग खालची टाकी संशयातून सुटली, कारण ती सामाईक होती. आम्ही त्या विंगच्या गच्चीवर गेलो. दोन महिन्यांपूर्वी फ्लशचा पंप जळाला होता. लोकांची गैरसोय नको म्हणून प्लंबरनं घरगुती पाण्याची लाइन फ्लशच्या टाकीला जोडून दिली होती आणि पंप दुरुस्त झाल्यावर जोड तशीच राहिली. व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. रात्री पाणी उलटं यायचं. प्लंबरचा हेतू वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या दुसऱ्या टाकीत काय असतं.

टाकी धुतल्यावरही रुग्ण का येत राहिले, हे तेव्हा सोसायटीला पटवताना नाकी नऊ आले. पाण्यातून येणारी कावीळ दिसते तेव्हा ते पाणी पिऊन सरासरी महिना-दीड महिना झालेला असतो. दिल्लीत १९५५-५६ मध्ये नजफगढ नाल्याचं मैलापाणी यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी शिरलं आणि काही आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे कळायला पुढे अनेक वर्षं गेली. गरोदर बाईला हा आजार जिवावर बेततो. तेव्हा तुमच्या इमारतीत काविळीचा एक जरी रुग्ण निघाला तर गरोदर असलेल्या प्रत्येकीनं त्या दिवसापासून उकळलेलंच पाणी प्यावं. निष्कर्षाची वाट पाहू नये.

तर तुम्ही करायचं ते असं. आधी तो कागद करा. विंग, मजला, आजार, तारीख, एवढंच लिहा. लोक नावं सांगायला बिचकतात, नावं नकोतच. एकाच विंगमध्ये गर्दी दिसली तर वरची टाकी, सगळ्या विंगमध्ये सारखी पसरण असेल तर खालची टाकी, आणि शेजारच्या सोसायटीतही तेच असेल तर लाइन. मग ओटी टेस्ट. गावातल्या ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला हा शब्द ठाऊक असतो, शहरातल्या इंजिनिअरला नसतो. छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर लगेच पिवळा रंग येतो. तो डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. हे रसायन विषारी आहे, तपासलेलं पाणी ओतून द्यायचं आणि हात धुवायचे. तीन ठिकाणी करा: लाइनचं पाणी खालच्या टाकीत पडतं तिथं, गच्चीवरच्या टाकीच्या तोंडाशी, आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या नळाला, आरओच्या आधी. पहिल्या ठिकाणी पिवळा आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही, तर चूक तुमच्या इमारतीत आहे. पहिल्याच ठिकाणी रंग नाही, तर अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा, आणि ओटीची तारीख-वेळ अर्जात लिहा. "पाणी खराब येते" या अर्जाचं काय होतं ते मी टेबलाच्या पलीकडून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. "अमुक तारखेपासून सलग पाच दिवस सकाळी सातला ओटी शून्य" असा अर्ज आला की साहेबाला उठावं लागतं.

दरम्यान क्लोरीन तुम्हीही टाकू शकता. टँकर घेत असाल तर टाकायलाच हवा, कारण टँकर कोणत्या विहिरीवर भरला हे चालकाशिवाय कुणाला माहीत नसतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम. नेमकं किती ते पुन्हा ओटीच ठरवते. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं पाणी टाकीत सोडा, आणि निदान अर्धा तास ते पाणी वापरू नका. पावडर ताजी हवी. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर म्हणजे नुसता चुना. वास येतो म्हणून लोक तक्रार करतील. करू द्या, मला तो वास आला की बरं वाटतं.

मुलाच्या टायफॉइडबद्दल एक शंका. निदान विडाल चाचणीवर झालं होतं का? आपल्याकडे एकाच विडालवर टायफॉइड ठरवण्याची जुनी खोड आहे. ती चाचणी इतर तापातही चुकून 'पॉझिटिव्ह' येते. पुढच्या वेळी ताप चार दिवस राहिला तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणारी तपासणी, करायला सांगा. तो टायफॉइड नसेल तर तुमच्या कागदावरची एक नोंद चुकीची आहे, आणि शोधाची दिशा त्यामुळे बदलू शकते.

डेंगीचा पाण्याशी संबंध आहे, पण उलटा. मैलापाण्यातला डास वेगळा. डेंगीचा एडिस स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो आणि जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही, शे-दोनशे मीटर म्हणजे पुष्कळ. म्हणजे तुमच्या पत्नीला चावलेला डास बहुधा तुमच्याच आवारात किंवा शेजारच्या प्लॉटवर जन्मला. शेजारी बांधकाम चालू आहे ना? लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, स्लॅबचं सिमेंट ओलं ठेवायला (क्युरिंग) त्यावर केलेली पाण्याची आळी, मजुरांची पिंपं, रंगाचे रिकामे डबे. मलेरियाचा शहरी डासही बांधकामावरच्या टाक्यांत असाच वाढतो. तुमच्या बाजूला पाहायचं तर फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, बंद फ्लॅटमधले संडास. परदेशी असलेल्या मालकांचे कुलूपबंद फ्लॅट ही नव्या सोसायट्यांतली मोठी अडचण आहे, किल्ली कुणाकडेच नसते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पुरतो. पण भांडं नुसतं ओतून चालत नाही, घासायला लागतं. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. धूर फवारणीनं त्या क्षणी उडणारे डास मरतात, पाण्यातली अळी मरत नाही. नगरसेवकाला धूर आवडतो कारण तो दिसतो. अबेटचे, म्हणजे अळी मारणाऱ्या औषधाचे, थेंब टाकत फिरणारा कर्मचारी दिसत नाही, आणि त्याला वरच्या मजल्यांवर लिफ्टनं जाऊ देत नाहीत, हेही मी ऐकलं आहे. याच डासातून झिका येतो. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता आणि २०२४ मध्ये पुणे शहरातच रुग्ण निघाले.

आईच्या दम्यासाठी घरातली हवा बघायला लागेल. वाड्याला चौक होता. फ्लॅटला सरकत्या खिडक्या आहेत, आणि सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान दहावा हिस्सा तरी हवेसाठी मोकळा असावा. तुमच्या बेडरूमचा हिशेब करून बघा, बाहेर धूळ म्हणून खिडकी लावून घेतली तर तो शून्य येतो. ड्राय बाल्कनी काच लावून बंद केलीय का? मग फोडणीचा धूर घरातच फिरतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर ओल किंवा काळी बुरशी आहे का? ती आईच्या पलंगाच्या बाजूला असेल तर पलंग हलवा, आणि भिंत रंगवण्याआधी गळती काढा. रंगानं बुरशी झाकली जाते, जात नाही. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो आजच बंद करा. लहान बंद बाथरूममध्ये त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि दर हिवाळ्यात अंघोळीला गेलेलं तरुण माणूस बाहेर येत नाही अशा बातम्या येतात. गिझर बाहेर आणि नळ आत, एवढीच त्याची सुरक्षित मांडणी.

हवेच्या बाबतीत दोन इमारतींमधलं अंतर किती महत्त्वाचं असतं ते पाहायचं असेल तर मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडे जा. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. तिथल्या क्षयरोगाचं प्रमाण आणि सूर्यप्रकाश, वारा यांचा संबंध अभ्यासातून समोर आला आहे. झोपडपट्टीतून पक्क्या घरात गेलेली माणसं पक्क्या घरामुळे आजारी पडली. तुमच्या भागात सध्या भरपूर मोकळी जागा दिसते, पण ती शेजारच्या प्लॉटची आहे. तिथं काय मंजूर झालंय ते बघून ठेवा.

तुमच्या कमिटीचा आणखी एक सूर असणार, तो मी प्रत्येक सोसायटीत ऐकला आहे: घाण त्या पलीकडच्या खोल्यांमुळे होते. गावठाणात दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथं तुमच्या कामवाल्या मावशी, वॉचमन, शेजारच्या बांधकामावरचे मजूर राहतात. एका संडासावर आठ-दहा खोल्या. त्यांचा सेप्टिक टँक भरला की ओढ्यात वाहतो, आणि उपसायला येणारी मैल्याची गाडीही रात्री कुठे रिकामी होते ते गावाला माहीत असतं. पण तुमच्या एसटीपीचं काय? वीजबिल वाचवायला तो बंद ठेवून सांडपाणी त्याच ओढ्यात सोडणाऱ्या सोसायट्या काही कमी नाहीत. एसटीपीचा वेगळा वीज मीटर असतो, त्याचं बिल बघा, महिनाभरात युनिट पडलेच नसतील तर उत्तर मिळालं. लाइन तर दोघांची एकच आहे. साथीचा पहिला रुग्ण नेहमी खोल्यांतच असतो असं नाही. पण तिथं आजार लवकर दिसतो, कारण त्यांच्याकडे आरओ नाही, साठवायला झाकणाची टाकी नाही. मावशी दोन दिवस आल्या नाहीत तर पगार कापण्याआधी घरात कुणाला जुलाब आहेत का ते विचारा. तुमच्या इमारतीला याच्यापेक्षा लवकर सूचना कुणी देणार नाही.

सरकारी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मी तिकडचाच. गाव ग्रामपंचायतीत असतं तेव्हा पाण्याच्या स्रोतांचं वर्षातून दोनदा सर्वेक्षण होतं आणि हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका. लाल कार्ड मिळालं की सरपंचाची गावात नाचक्की होते, म्हणून टीसीएलचं पोतं आणलं जातं. ही पद्धत जिल्हा परिषदेची. गाव पालिकेत आलं की जुनी व्यवस्था उठते आणि नवी बसायला वर्षं लागतात. ग्रामीण आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येला एक, शहरी केंद्र ५०,००० ला एक असा हिशेब असतो. पण लोकसंख्या धरायची कुठली? २०११ च्या जनगणनेत जिथं शेत होतं तिथं आज दहा टॉवर आहेत. त्या आकड्यावर आखलेल्या योजनेत तुम्ही अजून जन्मलेलाच नसता.

हा क्रम उलटा, म्हणजे आधी नळ्या-गटारं आणि मग इमारती, करता येत नाही असं नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं दादर-माटुंग्याची शेतं ताब्यात घेतली, रस्ते आणि गटारं आखली, आणि मग प्लॉट पाडले. ट्रस्टनं गरिबांच्या चाळी पाडताना पर्यायी घरं पुरेशी दिली नाहीत, ते पाप वेगळं. पण माटुंग्यात आजही फिरताना मोकळं वाटतं त्याला तो क्रम कारण आहे. आपल्याकडे आता बिल्डर हमीपत्र लिहून देतो की पालिका पाणी देईपर्यंत मी देईन. पुढे सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पावर जातो, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. ते हमीपत्र तुमच्या कमिटीनं पालिकेकडून मागून घ्यावं. माहिती अधिकारात मिळतं.

तुमचे कुणी नातेवाईक या बाजूला घर बघत असतील तर त्यांना सॅम्पल फ्लॅट आणि क्लब हाउस दाखवणाऱ्याला एकच विचारायला सांगा: मे महिन्याची टँकरची बिलं दाखवा. मग भोगवटा प्रमाणपत्र, पालिकेची नळजोडणी किती इंचांची आणि पाणी किती वेळ, एसटीपीचं वीजबिल. आणि संध्याकाळी वॉचमनशी दहा मिनिटं बोलावं. गेल्या पावसात पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

आता नमुन्याचं. ओटी शून्य आली किंवा जुलाबाचे दोन-तीन रुग्ण एका आठवड्यात दिसले तर जिवाणू तपासणी करून घ्या. घरातल्या बाटलीत पाणी भरून नेऊ नका. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणा, तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाचं तोंड पुसून, पाणी दोन मिनिटं वाहू देऊन, बोट न लावता भरायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. ओटी केली त्या तिन्ही ठिकाणचे नमुने एकाच वेळी घ्या, आणि जमलं तर चौथा गावठाणातल्या खोल्यांच्या नळाचा. शनिवारी घेऊ नका, रविवारभर बाटली तशीच पडून राहते.